चुंबळ आणि चुन्याची रेघ

संपादकांनी माझ्याकडे "लढ्याचे अनुभव" मागितले. लढा हा शब्द मी पत्रकांत इतक्यांदा छापून घेतलाय की आता तो स्वतःच्या नावापुढे लिहायला हात धजत नाही. अनुभव देतो, पण तो लढ्याचा नाही. नेरळला मोटारी ठेवण्याच्या एका शेडमध्ये मी दोन वर्षं कारकून होतो, त्याचा आहे. माझं वय आज सत्तावीस. एवढ्यात कसल्या आठवणी लिहायच्या, असं कोणीही म्हणेल. पण लाजेची गोष्ट म्हातारपणापर्यंत राखून ठेवली तर तिला गोडी येते, माणूस ती हसत हसत सांगू लागतो. तसं व्हायच्या आत लिहितो.

बेचाळीस साली मी पत्रकं लिहीत होतो आणि वाटत होतो. त्यापायी सहा महिने आत बसून आलो. बाहेर आल्यावर कर्जत-खालापुरात मला कोणी नोकरीला उभं करीना. शेवटी नेरळच्या शेडच्या शेटनी ठेवून घेतलं ते माझ्या अक्षरावर. "अक्षर बरं आहे. विचार घरी ठेवून या," म्हणाले. अक्षर घेऊन रोज गेलो. विचारही बरोबर न्यायचो, पण ते कोणाच्या कामाचे होते हे पुढे दिसेलच.

शेड म्हणजे काय ते आधी सांगतो. माथेरानवर मोटार चालत नाही. मुंबईहून, पुण्याहून मोटारीने येणारा कितीही मोठा माणूस असो, नेरळला त्याला मोटार सोडावीच लागते. पुढे तो डोंगरावरच्या छोट्या आगगाडीने जातो, नाहीतर घोड्यावर, नाहीतर डोलीत. सामान डोंगर चढतं ते माणसाच्या डोक्यावरून. आणि मोटार आठ-पंधरा दिवस आमच्याकडे राहते. शेड सतरा मोटारींची. तीन बाजूंना दगडी भिंत, वर पत्रा, पुढचं तोंड सबंध उघडं. मोटार आली की मी तिला पितळी नंबर बांधायचा, चाकांखाली दगड सारायचे आणि वहीत तिची अंगकाठी लिहून घ्यायची. डाव्या मडगार्डवर ओरखडा, मागचा दिवा फुटका, वगैरे. नंतर तक्रार नको म्हणून.

प्रत्येक मोटार आत घ्यायची ती उलटी, म्हणजे मागे मागे, तोंड रस्त्याकडे ठेवून. कारण लढाईच्या त्या दिवसांत बॅटरी मिळत नसे. आठ दिवस उभी राहिलेली मोटार सुरू होत नसे. मग तिला ढकलत पुढच्या उतारावर सोडायची आणि ती खोकत खोकत जागी व्हायची. तोंड भिंतीकडे असेल तर ढकलणार कुठे? म्हणून उलटी.

आता हे नीट समजून घ्या. रस्त्यावरच्या मोटारीला माणूस भितो. शेडमध्ये आलेली मोटार त्याला गोठ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखी वाटते. हळू चालते, आपलीच वाटते, अंगावर हात ठेवावासा वाटतो. आणि ड्रायव्हर मान मागे वळवून, अंदाजाने, दगडी भिंतीकडे सरकत असतो. त्यात पेट्रोल कुपनावर, तेही मोजकंच मिळायचं. पुष्कळांनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. माणसाच्या छातीएवढं पिंप, त्यातल्या गॅसवर मोटार चालायची. त्या पिंपामुळे ड्रायव्हरला मागचं काही म्हणजे काही दिसत नसे.

आणि त्याच शेडमध्ये पायी फिरणारी माणसं किती? मोटारीतून उतरलेली मंडळी, त्यांची मुलं सांभाळणाऱ्या आया, घोडेवाले, डोलीवाले आणि ओझी वाहणाऱ्या वीसेक बायका. शेडच्या तोंडावर शेटची पाटी होती: "मोटारीच्या नुकसानीस मालक जबाबदार नाहीत." माणसाच्या नुकसानीचा पाटीवर उल्लेखच नव्हता. माझ्या वहीत मडगार्डाला रकाना होता, माणसाला नव्हता.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका विक्षिप्त गिऱ्हाइकाने. ते रिटायर झालेले इंजिनियर होते, माथेरानला हवेसाठी राहत. दर शनिवारी ते छोट्या गाडीने खाली येत, शेडमधल्या आपल्या मोटारीत मागच्या बाजूला बसत, पेपर वाचत, आणि पेपर संपला की परत वर जात. मोटार जागची हलत नसे.

"काका, पेपर वर मिळत नाही का?" मी एकदा विचारलं.

"मिळतो. मोटार मिळत नाही," ते म्हणाले. मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, "मी इथे बसून तासभर पाहतो आहे. तुझ्या शेडमध्ये मोटारीला जागा आहे, माणसाला नाही. चालायला एक वाट आख. नाहीतर एक दिवस तुझ्या वहीत मडगार्डाचा नाही, पायाचा ओरखडा येईल."

मी शेटकडे कठडा मागितला. भिंतीच्या कडेने दोन हात वाट आणि तिला लाकडी कठडा. शेट म्हणाले, "कठड्याला लाकूड लागतं. रेघ मार. रेघ फुकट आहे." मी चुन्याची जाड रेघ मारली. उजव्या भिंतीच्या कडेने आत जाणारी, आणि तशीच डाव्या भिंतीच्या कडेने बाहेर येणारी. मागच्या भिंतीपर्यंत मोटारी यायच्या, म्हणून तिथे वाट नव्हती. रेघेच्या आत माणूस, बाहेर मोटार. दर सोमवारी मी ती नव्याने मारीत असे. बायकांना बजावीत असे. त्या ऐकत. रिकाम्या वेळी अगदी लग्नातल्या वऱ्हाडासारख्या ओळीने रेघेच्या आतून चालत.

पण मोटार आली की ओळ मोडायची. का, तर ओझ्यासाठी. मोटारीच्या टपावर चार होल्डॉल, म्हणजे बिछान्याच्या वळकट्या, आणि दोन ट्रंका, आणि उचलायला वीस बायका. पोशीरच्या, दामतच्या, वर ठाकूरवाडीच्या. झिंज्या धरायच्या, एकमेकींची आई-बाप काढायच्या. एकदा एका बाईसाहेबांची टोपीची पेटी दोघींनी दोन बाजूंनी ओढली आणि टोपी तिसरीच्याच डोक्यावर जाऊन बसली. बाईसाहेब किंचाळल्या, ती तिसरी म्हणाली, "मला बरी दिसते का गं?" हसू आवरेना, पण शेटनी मला झापलं. "बंद कर हे, नाहीतर बायकांना आत येणं बंद करतो."

मग मी एक नियम केला. त्या नियमाची ही सगळी गोष्ट आहे.

एका सकाळी मी पेट्रोलच्या रिकाम्या पिंपावर उभा राहिलो आणि भाषणच केलं. "भगिनींनो," असं म्हणून. बुधी नावाची ठाकूरवाडीची पोक्त बाई होती, ती म्हणाली, "मास्तरा, पिंपावरनं पडशील. खाली उतरून बोल, ऐकू येतंय." मी उतरलो नाही. सांगितलं की यापुढे हात लावायचा नाही, ओढायचं नाही. मोटार शेडमध्ये शिरली की जिची चुंबळ टपावर पहिली पडेल, त्या मोटारीचं ओझं तिचं. मग तिने आपल्या सोबतिणी निवडायच्या. वाद झाला तर निकाल माझा.

डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती चुंबळ. कापडाचं वेटोळं, प्रत्येकीचं आपल्या जुन्या लुगड्याचं, त्यामुळे कोणाची कुठली ते लांबून ओळखू येई. बायकांना नियम पटला. भांडणं बंद झाली ती झालीच. शेट खूश. मी तर इतका खूश की "श्रमिक भगिनींची शिस्त" म्हणून एक पत्रक लिहून पेणच्या छापखान्यातून छापून आणलं.

मला तेव्हा दिसलं नाही ते आज आंधळ्यालाही दिसेल. एका हाताने मी रेघ मारली होती आणि दुसऱ्या हाताने बायकांना रेघ ओलांडून चालत्या मोटारीवर धावायला लावलं होतं. रेघ सांगत होती आत राहा. नियम सांगत होता पहिली पोच.

पोशीरची चांगुणा त्या बायकांत सगळ्यांत चपळ. पस्तिशीची असेल. नवरा पायाने अधू नव्हता, व्यसनी नव्हता, भात लावायचा आणि कापायचा. पण भाताची कामं नसली की चांगुणा नेरळला. एक होल्डॉल डोक्यावर, एक काखेत, आणि डोंगर चढताना गाणंही म्हणायची. खोटं बोलत नाही म्हणून गावात तिचं नाव होतं. बांधाचं भांडण असलं की पोशीरचे लोक म्हणायचे, चांगुणेला विचारा, ती जे बघितलं ते सांगेल. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

लढाई संपायला आली होती त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिना, सकाळचे दहा. गिरगावची एक मोटार आली, मागे कोळशाची भट्टी असलेली. गणपत नावाचा ड्रायव्हर, सज्जन माणूस. शिट्टी वाजवून मी त्याला मागे घेत होतो. पुढच्या बाजूला बायकांचा घोळका झाला. बुधीची चुंबळ आधीच टपावर पडली होती. चांगुणा मागाहून धावली. पुढे जागा नाही म्हणून ती रेघ ओलांडून मागच्या बाजूने, भिंत आणि मोटार यांच्यामधून गेली. तिथे ऑइल सांडलेलं होतं. तिचा पाय सरकला. भट्टीचं पिंप आणि दगडी भिंत यांच्यामध्ये तिचा उजवा गुडघा सापडला.

ती ओरडली नाही. मोटारीवर हाताने थापट्या मारल्या, म्हशीला मारतात तशा. "ए, थांब, थांब," एवढंच. मी शिट्टी वाजवतच होतो. मला वाटलं बायका नेहमीसारखा गलका करताहेत.

मोटार पुढे घेतली. डोली वर न जाता त्या दिवशी दवाखान्यात गेली. कल्याणला तिला दोन महिने ठेवलं. पाय राहिला, पण गुडघा वाकेना. काठीसारखा सरळ. त्या गुडघ्याने डोंगर चढता येत नाही, आणि लावणीला वाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शेटनी मला बोलावलं. "लिही," म्हणाले. "सदर बाईने आपल्या मर्जीने, आखलेली रेघ ओलांडून, मज्जाव असताना मोटारीच्या वाटेत प्रवेश केला. रेघ तुझीच ना? मग संपलं. शेड जबाबदार नाही."

मी पेन खाली ठेवलं. टेबलावर मूठ आपटली. काय काय बोललो ते सांगत नाही, त्यात माझंच कौतुक होईल. नोकरी सोडून बाहेर आलो तेव्हा रस्त्यात मला हुशारी वाटत होती. छाती भरून आली होती. एक गरीब बाई, एक दगडी शेट आणि मी. पत्रकाचं शीर्षक स्टेशनला पोचेपर्यंत सुचलं: "शेडमधला रक्तपात".

पत्रकं लिहायची एक रीत असते. ती मी बेचाळीसात शिकलो. आपल्या बाजूचा माणूस पांढराशुभ्र ठेवायचा. त्याच्यावर ठिपका दिसला तर वाचणारा ठिपकाच बघतो. म्हणून मी लिहिलं की चांगुणाबाई रेघेच्या आत भिंतीला लागून शांतपणे उभ्या होत्या, आणि धनदांडग्यांची मोटार रेघ ओलांडून त्यांच्यावर आली. पाचशे प्रती. कर्जत, नेरळ, खोपोली, तिन्ही बाजारांत मी स्वतः वाटल्या.

मग कोर्टात दावा लावायचा म्हणून मी पोशीरला गेलो. कर्जतचे एक वकीलसाहेब फी न घेता उभे राहायला तयार झाले होते. त्यांनी सांगितलं होतं, "बाईची हकिगत तिच्या शब्दांत लिहून आण." मी माझ्या शब्दांत लिहून नेली. चांगुणा ओटीवर पाय पसरून बसली होती. मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आवं पर मी धावले व्हते ना."

"ते सांगायचं नाही. धावलात म्हटलं की दोष तुमच्यावर येतो."

"मंग? धावले तर धावले. चुंबळ टाकायची तर धावायलाच लागतं. तुमचा नियमच हाय तसा."

"नियमाचं कोर्टात काय काम, चांगुणाबाई?"

तिचा नवरा आतून म्हणाला, "अगं, ते शिकलेलं हायत. कायदा त्यांना म्हाईत. तू कशाला मधी बोलतेस?"

"मी माजा पाय मोडलाय म्हणून बोलते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "मास्तर, हे लिवलंय ते मलाच बोलायला लागंल का?"

"नाही, नाही. कागद आहे ना. नुसतं हो म्हणायचं."

तिने अंगठा उठवला. उठवताना म्हणाली, "तुमच्या भरवशावर हां."

इथे एक गोष्ट कबूल करतो. पत्रकाची रीत वगैरे मी वर सांगितलं, ते खरं आहे पण अर्धं. मी नियम कागदातून गाळला तो तिला पांढरं ठेवायला नव्हे. स्वतःला. नियम आला की तो करणारा येतो. पिंपावर उभा राहून भाषण करणारा येतो. शेटला शिव्या देणाऱ्या पत्रकाच्या खाली माझं नाव होतं, आणि तिचा पाय चेपणाऱ्या नियमाच्याही मागे माझंच. बाकीच्या बायकांना साक्षीला आणलं नाही, तेही याच कारणाने. वकीलसाहेबांना सांगितलं की शेटच्या धाकाने त्या यायच्या नाहीत. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

कर्जतच्या कोर्टात थंडीच्या दिवसांत सुनावणी झाली. चांगुणा काठी टेकत पिंजऱ्याशी आली. शपथ घेताना हात थोडा उंचच धरला होता. शेटचे वकील उठले. माझं पत्रक त्यांच्या हातात होतं, आणि तिच्या अंगठ्याचा कागद.

"बाई, तुम्ही भिंतीला लागून शांत उभ्या होतात?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हण. नुसतं हो म्हण.

ती म्हणाली, "नाय. मी धावले."

कोर्टात कुजबूज झाली. वकील हसले. "मग या कागदावर अंगठा कोणाचा?"

"माजाच."

"म्हणजे कागद खोटा?"

"कागद मास्तरांनी लिवला. मी शपथ घेतली हाय, आता जे झालं ते सांगते. मास्तरांचा नियम व्हता, जिची चुंबळ पयली पडंल तिचं वझं. मंग उभं राहून कसं चालंल? मी चुंबळ टाकाया धावले, घसरले, मोटार मागं येतच व्हती."

न्यायाधीश मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि मला उभं केलं. "तुम्ही त्या वेळी शेडमध्ये नोकरीला होता. असा नियम होता का?"

मला शंभर माणसांपुढे बोलायची सवय. त्या दिवशी मी शब्द मोजून बोललो.

"शेडमध्ये असा लेखी नियम नव्हता," मी म्हणालो.

"लेखी विचारलं नाही मी. नियम होता का?"

मागच्या बाकावर पत्रक वाचून आलेले माझे मित्र बसले होते. शेट होते. चांगुणा पिंजऱ्याची कड धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. भीत नव्हती. मी होय म्हणणार याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिने बघितलं होतं, मी बघितलं होतं, मग शंका कसली?

"बायका आपसांत काही ठरवीत असतील," मी म्हणालो. "मला कल्पना नाही."

तिचं तोंड मी बघितलं. रागावलं नव्हतं ते. वळणावर वाट चुकून भलत्याच गावात आलेल्या माणसासारखं दिसत होतं.

दावा फेटाळला गेला. निकालात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही. अर्थ असा की वादी बाईच्या दोन सांगण्यांत मेळ नाही, तेव्हा तिच्या शब्दावर विसंबता येत नाही.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी मला झाडाखाली घेतलं. ओरडले नाहीत. हळू बोलले, ते जास्त लागलं. "नियम होता ना?"

मी होकाराची मान हलवली.

"अहो, मग तेच तर आपलं सगळं बळ होतं! मालकाच्या नोकराने मालकाच्या कामासाठी नियम केला, म्हणजे तो मालकाचाच नियम. चालत्या मोटारीवर धावायला तिला शेडनेच लावलं, असं मी उभ्या उभ्या सिद्ध केलं असतं. ती धावली, हेच तर आपल्याला सांगायचं होतं. तुम्ही माझ्यापासून लपवलंत काय आणि वाचवलंत कोणाला?"

कोणाला ते त्यांना कळलं होतं. शेटला. आणि मला.

चांगुणा बैलगाडीत बसत होती. मी जवळ गेलो. म्हणालो, "आपण वरच्या कोर्टात जाऊ. मी पुन्हा लिहितो."

"नको," ती म्हणाली. "तुमी लिवू नका." मग गाडी हलल्यावर नवऱ्याला म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्याने, "पाय गेला तो गेला रं. पर मी खोटी ठरले."

त्यानंतर पोशीरात बांधाच्या भांडणात कोणी तिला विचारायला गेलं नाही. हे मला तिच्याच गावच्या माणसाने बाजारात हसत सांगितलं. "कोर्टात दोन जिभांनी बोलली ना ती."

मी पुढे कुळांसाठी, गिरणीवाल्यांसाठी, कशाकशासाठी पत्रकं लिहिली. अजून लिहितो. पण "शोषित भगिनी" असं लिहायची वेळ आली की वाक्य बदलतो.

शेडला पुढे कठडा लागला. शेटनी ती विकली, नव्या मालकाने पहिल्याच वर्षी लावला. लाकूड काही महाग पडलं नाही म्हणे. बायका आता बाहेर ओळीने बसतात, नंबर येईल तशी ओझं उचलतात. चुंबळीचा नियम कोणी आठवत नाही.

यंदा संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी दुसराच लेख लिहायला घेतला होता. चार पानं झाली होती. त्यात मी मूठ आपटून नोकरी सोडतो तिथे लेख संपत होता. छान संपत होता. मग ती पानं बाजूला ठेवली आणि हे लिहिलं, वरच्या कठड्याच्या मजकुरापर्यंत. वकीलसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "त्या निकालाचं आता काही होत नाही. पण जिच्याबद्दल आहे तिला वाचून दाखवलंत का?"

नागपंचमीला पोशीरला गेलो. त्या दिवशी नांगर धरीत नाहीत, सगळी माणसं घरी असतात. चांगुणाच्या घरात पाण्याचं मडकं चुंबळीवर ठेवलेलं होतं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं लुगडं. शेडमध्ये टाकायची ती तिची तीच चुंबळ. माझी नजर तिकडे गेलेली बघून ती म्हणाली, "डोक्यावर कामाची नाय ऱ्हायली, मडक्याखाली चालते."

मी तिला विचारलं, वाचू का?

"कशात यायचं हे?"

"दिवाळी अंकात."

"पोशीरात कोन घेतं तो?"

मी खरं सांगितलं. कोणीच घेत नाही.

"मंग मला घरात वाचून दावून काय उपेग? मी काय खोटं बोलले व्हते का, मला खरं कळायला? चावडीवर वाचा."

चावडीवर वाचलं. वीस-पंचवीस माणसं होती, पाटील होते, बाजारात मला हसत सांगणारा तो माणूसही होता. बुधी दामतला दिलेल्या लेकीला बघायला खाली उतरली होती, तिला चांगुणाने निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. मी सगळं वाचलं. "मला कल्पना नाही" इथे आवाज खाली गेला, तर पाटील म्हणाले, "मोठ्यानं." मी ते वाक्य दोनदा वाचलं.

संपल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आन हे तवा का नाय बोललास रं?"

"भ्यालो," मी म्हणालो. याहून वेगळं उत्तर शोधायला मला चार वर्षं होती.

चांगुणा भिंतीला टेकून, पाय सरळ पुढे टाकून बसली होती. मला वाटलं ती काही तरी मोठं बोलेल. माफ केलं म्हणेल, किंवा तोंड काळं कर म्हणेल. ती म्हणाली, "बरुबर हाय. एक सोडून."

"कोणतं?"

"बुधीची चुंबळ आधी पडली, मी मागनं धावले, असं लिवलंत तुमी. कुनी सांगितलं? माजी पयली पडली व्हती. टपावर, पिवळ्या ट्रंकेवर. पडली, मंगच मी घसरले. बुधे, सांग."

बुधी तंबाखू मळत होती. "व्हय की," ती म्हणाली. "पयली हिचीच. माजी नंतर. त्या गोंधळात मास्तरानं मला वझं दिलं, मी घेतलं. हिला डोलीत घालत व्हते, मी कशाला बोलू? मला वाटलं मास्तराला म्हाईत हाय."

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. निकाल माझा, असं मी पिंपावरून सांगितलं होतं, आणि त्या दिवशी निकाल देताना टपाकडे नजरसुद्धा टाकली नव्हती. आणि चार वर्षांनी, लाजेने मान खाली घालून कबुलीजबाब लिहायला बसलो, तेव्हाही न बघितलेलं बघितल्यासारखं लिहिलं. ती उगीचच धावली, हरलेल्या ओझ्यासाठी धावली, असं. कबुलीतही तिच्यावर एक ठिपका ठेवून मोकळा झालो.

ते वाक्य वर तसंच ठेवलंय. खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. वाचकाने मागे जाऊन बघावं, मी कसा लिहितो ते.

पाटलांनी विचारलं, "मंग आता काय करायचं म्हणतेस, चांगुणे?"

"काय नाय. लिवून ठेवा म्हणावं."

म्हणून लिहून ठेवतो. त्या दिवशी नेरळच्या शेडमध्ये पहिली चुंबळ चांगुणाची पडली होती. ओझं तिचं होतं. ती खरं बोलली होती.